तपकिरी बटू आणि १३ गुरूंची रेघ

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास बडोद्यातल्या गच्चीवरून मृगातला बाण दिसला, की त्याच्या पूर्व टोकाच्या ताऱ्याखाली एक फिकट तारा शोधावा. तो सिग्मा. त्याच्या भोवतीच्या, ३० ते ५० लाख वर्षं वयाच्या ताऱ्यांच्या गुच्छात तपकिरी बटू, म्हणजे हायड्रोजन पेटवून तारा होण्याइतकं वजन न भरलेले गोळे, भरपूर आहेत. घरच्या दुर्बिणीतून मात्र एकही दिसत नाही.

गणित १९६०च्या दशकातलं, नाव १९७५चं (रंग तपकिरी नव्हे, मंद लाल), पक्का पुरावा १९९५चा. खरा घोळ पुढचा. २००० मध्ये याच गुच्छात गुरूच्या ५ ते १५ पट वस्तुमानाचे, कोणाभोवतीही न फिरणारे गोळे सापडले. त्यांना ग्रह म्हणायचं की नाही? २००३ मध्ये व्याख्या ठरली: १३ गुरूंच्या वर तपकिरी बटू, मग जन्म कसाही होवो, खाली आणि मोकळा असेल तर 'उप-तपकिरी बटू'. १३ का, तर तिथून ड्युटेरियम (जड हायड्रोजन) अणुसंमीलनानं जळतं. पण घटकद्रव्यांप्रमाणे हा आकडा ११ ते १६ असा सरकतो, आणि ते जळणंही अल्पकाळाचं. रेघ सोयीची आहे, एवढंच. २०२३ मध्ये अबूच्या गुरुशिखरावरून मोजलेला एका ताऱ्याचा सोबती नेमका १३च्या आसपास भरला, त्या ताऱ्याभोवती सव्वासात दिवसांत फिरणारा. त्याला काय म्हणायचं ते व्याख्येनं सुटत नाही.

जन्माच्या बाजूनं पाहिलं तर १३वर काहीच घडत नाही. सुमारे १० केल्व्हिनच्या (उणे २६३ अंश सेल्सिअस) वायूच्या ढगाचे तुकडे पडत जातात. वायू इतका दाट होतो की उष्णता बाहेर पडेना, तेव्हा फाळणी थांबते. ही तळरेषा काही गुरूंइतकीच आहे.

पुढे बटूभोवतीच्या तबकडीतला वायू चुंबकीय क्षेत्राच्या वाटेनं पृष्ठभागावर आदळतो. खूण म्हणजे वर्णपटातली हायड्रोजनची लाल रेषा: शिखराच्या १० टक्के उंचीवर तिची रुंदी, वेगाच्या मापात, सेकंदाला सुमारे २०० किमीहून जास्त भरली तर वायू पडतोय. नुसती रेषा पाहून फसायला होतं, कारण चुंबकीय सक्रियतेनंही ती उमटते, पण अरुंद. वायू पडण्याचा नेहमीचा वेग वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या १० हजार कोटीव्या भागाइतका धरला, तर १० लाख वर्षांत गुरूचा जेमतेम शंभरावा हिस्सा जमतो. म्हणजे बटूचं बहुतेक वजन त्याआधीच, धुळीच्या वेष्टनात असताना, भरलेलं असतं.

हा दर एकसारखाही नसतो. २०२५ मध्ये सरडा तारकासमूहातला ५ ते १० गुरूंचा एक मोकळा गोळा भडकला. ऑगस्टमध्ये तो काही महिन्यांपूर्वीच्या सुमारे आठपट वेगानं, सेकंदाला ६०० कोटी टन वायू-धूळ ओढत होता.