शेवटच्या भागासाठी धक्का किती उरतो?

2 मे 2021 च्या रात्री बीबीसी वनवर ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या पोलीसमालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग लागला. सरासरी 1 कोटी 28 लाख लोकांनी तो पाहिला. त्या वेळी ब्रिटनमध्ये टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक याच वाहिनीवर होते. पोलीसदलात राहून संघटित गुन्हेगारांना मदत करणारा ‘एच’, अर्थात ‘चौथा माणूस’ कोण, हा प्रश्न मालिकेने कित्येक वर्षं ताणला होता. उत्तर निघालं इयन बकल्स. पहिल्या सीझनपासून अधूनमधून दिसणारा, गबाळा, कामचुकार अधिकारी. भाग संपताच समाजमाध्यमांवर नाराजीचा भडिमार सुरू झाला. (पुढे आणखी काही मालिकांचे शेवट उघड केले आहेत. पाहायच्या राहिल्या असतील तर इथेच थांबलेलं बरं.)

रहस्यमालिकेचा शेवट जितका अनपेक्षित तितका चांगला, असं आपण धरून चालतो. बकल्स हा अनपेक्षितच होता. सहाव्या सीझनच्या सुरुवातीच्या भागांत त्याला अटकही झाली होती, आणि ‘इतक्या लवकर सापडला म्हणजे हा नव्हेच’ असा हिशेब करून त्याला यादीतून वगळणं अगदी स्वाभाविक होतं. म्हणजे धक्का होता, तरी समाधान नव्हतं. हे कोडं सोडवायचं तर आधी धक्का मोजायला हवा, आणि तो मोजता येतो.

जेफ्री एली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमिर कामेनित्सा या तीन अर्थशास्त्रज्ञांनी 2015 साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’मध्ये उत्कंठा आणि धक्का यांचं गणित मांडलं. कल्पना सोपी आहे. प्रेक्षकाच्या मनात प्रत्येक क्षणी एक आकडा असतो: ‘डॉक्टरच खुनी असण्याची शक्यता 50 टक्के.’ नवा पुरावा आला की आकडा हलतो. आत्ताचा आकडा मागच्या आकड्यापासून किती लांब गेला, हा झाला धक्का. तो मागे वळून मोजायचा. पुढच्या भागात आकडा किती हलू शकेल याचा आजच जाणवणारा पसारा म्हणजे उत्कंठा. ती पुढे बघून मोजायची. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मालिकांच्या जाहिराती त्यांची सर्रास गल्लत करतात.

आता या गणितातला सगळ्यात सुंदर नियम. पुढच्या भागानंतर माझा संशय 80 टक्के होणार हे मला आजच ठाऊक असेल, तर तो आजच 80 टक्के असायला हवा. उद्याच्या सगळ्या संभाव्य आकड्यांची सरासरी आजच्या आकड्याएवढीच येते. म्हणून ‘शेवटी नक्की धक्का बसणार’ असं प्रेक्षकाला माहीत असेल, तर त्याने तो धक्का आधीच आपल्या आकड्यात धरलेला असतो. नवव्या भागात सगळे पुरावे माळ्याकडे बोट दाखवायला लागले की मुरलेला प्रेक्षक माळ्याला मनातल्या मनात निर्दोष सोडतो. हे त्याचं वैतागणं नाही, ते चोख अनुमान आहे. प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी उलटापालट करणाऱ्या लेखकाच्या हातात काही वर्षांनी धक्काच उरत नाही.

यातून निघणारा दुसरा नियम असा की धक्क्याचा एकूण साठा सुरुवातीलाच ठरून गेलेला असतो. आकडा हलतो त्या प्रत्येक पावलाचा वर्ग करा आणि पहिल्या भागापासून उलगड्यापर्यंत बेरीज करा. शेवटी खरं काय ते पूर्ण कळत असेल आणि प्रेक्षक नीट विचार करणारा असेल, तर या बेरजेची सरासरी p गुणिले (1 वजा p) एवढीच येते, जिथे p म्हणजे सुरुवातीची शक्यता. p अर्धा असेल तर 0.25. लेखक कितीही हुशार असो, या 0.25 च्या वर सरासरी जाऊ शकत नाही. हा महिन्याचा पगार आहे. तो कधी खर्च करायचा एवढंच लेखकाच्या हातात असतं.

मग तो कसा खर्चावा? सगळा शेवटच्या भागासाठी राखून ठेवला, तर नऊ भाग आकडा 50 वर खिळून राहतो आणि दहाव्यात एकदम 0 किंवा 100 होतो. पाऊल 0.5 चं, वर्ग 0.25, हिशेब पूर्ण. आता तोच साठा दहा भागांत समान वाटा. प्रत्येक भागाच्या वाट्याला 0.025 येतात. उत्कंठा मोजायची ती या वाट्याच्या वर्गमुळाने, म्हणजे प्रमाण विचलनाने (आकडा सरासरीपासून साधारण किती लांब पडू शकतो, याचं ते माप). 0.025 चं वर्गमूळ 0.158. दहा भागांची बेरीज 1.58. सगळं शेवटी उघडलं असतं तर मिळाली असती फक्त 0.5. म्हणजे त्याच साठ्यातून तिपटीहून जास्त उत्कंठा. वर्गमुळाचा हा गुणधर्म आहे: लहान वाट्यांची वर्गमुळं एकत्र केली की मोठ्या वाट्याच्या वर्गमुळाला सहज मागे टाकतात.

या समान वाटणीत प्रेक्षकाचा आकडा नेमका कुठे असतो हेही काढता येतं. (वर्गमुळांचा कंटाळा आला असेल तर हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण यातच खरी गंमत आहे.) पाचव्या भागानंतर साठ्यातले 0.125 उरलेले असतात. p गुणिले (1 वजा p) बरोबर 0.125 हे वर्गसमीकरण सोडवलं की p येतो 0.854 किंवा 0.146. नवव्या भागानंतर 0.974 किंवा 0.026. म्हणजे उत्तम बांधलेल्या मालिकेत शेवटच्या भागाच्या आधी प्रेक्षकाची 97 टक्के खात्री झालेली असावी, आणि ती खात्री शेवटच्या भागात साफ उलटी पडण्याची वेळ एकोणचाळीस मालिकांतून एखादीत यावी. बाजू पलटण्याची, म्हणजे आकडा 50 च्या एका बाजूकडून दुसरीकडे जाण्याची, सर्वाधिक संधी असते ती दुसऱ्या भागात, सुमारे 15 टक्के. तिसऱ्यात 9, सहाव्यात साधारण 4. दहा भागांत मिळून सरासरी पलट्या अर्ध्याच्या जरा वर, म्हणजे ढोबळमानाने दोन मालिकांमागे एक. ती एक पलटी कधीही येऊ शकते, या जाणिवेवर बाकीचे भाग तग धरतात. हा हिशेब ‘खुनी आहे की नाही’ अशा दोनच शक्यतांचा आहे. संशयित वाढले की आकडे बदलतात, पण आपल्या निर्मात्यांना दर आठवड्याला एक ट्विस्ट का हवा असतो याचं उत्तर मात्र गणितात सापडत नाही.

प्रेक्षकाला पुरावा फक्त कथेतूनच मिळतो असंही नाही. साठ मिनिटांच्या भागात पस्तिसाव्या मिनिटाला बेड्या पडल्या, तर तो खुनी नसतो. नावाजलेला नट दोनच मिनिटांच्या भूमिकेत दिसला, तर तो पुन्हा येणार. कॅमेरा उगाच एखाद्या कपाटावर रेंगाळला, तर कपाटात काहीतरी आहे. लेखक पटकथेत 20 टक्के लिहितो आणि नटांच्या निवडीमुळे ते 60 होतात. ब्रिटिश मालिका ‘ब्रॉडचर्च’च्या (2013) पहिल्या सीझनमध्ये खुनी कोण हे चित्रीकरण बरंच पुढे जाईपर्यंत बहुतेक नटांनाही सांगितलं नव्हतं. निदान अभिनयातून तरी पुरावा गळू नये, एवढी त्यातून सोय झाली.

साठा चुकीच्या वेळी संपवण्याचं उदाहरण अमेरिकी मालिका ‘ट्विन पीक्स’. लॉरा पामरचा खुनी 10 नोव्हेंबर 1990 ला, दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागातच उघड झाला, कारण वाहिनीचा तसा दबाव होता. मुख्य प्रश्नातली अनिश्चितता शून्य झाली, सीझनचे बरेच भाग बाकी होते, आणि प्रेक्षक गळाले. उलट टोकाला अमेरिकी ‘द किलिंग’. जाहिरातीतच विचारलं होतं, ‘रोझी लार्सनला कोणी मारलं?’ तेरा भागांनंतर, 19 जून 2011 ला, पहिला सीझन संपला तो खुनी न सांगता. लोक चिडले. उत्तर मिळालं पुढच्या सीझनच्या अखेरीस, 17 जून 2012 ला. इथे साठा शिल्लक होता, पण प्रेक्षकाने तो 13 भागांत वाटला जाईल असं धरून प्रत्येक पुराव्याला वजन दिलं होतं. मुदत वाढवली की आधीची सगळी वजनं चुकीची ठरतात.

तरीही या गणिताने बकल्सचं कोडं पुरतं सुटत नाही. शक्यतेच्या आकड्याला खुनी कोण एवढंच कळतं. तो कोणत्या लायकीचा असावा, त्याचं पुढे काय व्हावं, हे कळत नाही. त्याची वेगळी खातेवही असते. आर्थर रेनी आणि जेनिंग्ज ब्रायंट यांनी 2002 साली गुन्हेमालिकांच्या आनंदाविषयी एक सिद्धांत मांडला: प्रेक्षक मनात न्यायनिवाडा करत असतो, आणि गुन्ह्याच्या तोलाची शिक्षा पडद्यावर दिसली तर समाधान वाढतं. शिक्षा कमी पडली तर तो नाराज होतो आणि फार जास्त झाली तरीही. ‘लाइन ऑफ ड्यूटी’च्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं एका धूर्त सूत्रधारासाठी शिक्षा मनात तयार ठेवली होती. समोर आला एक लोभी निरोप्या. वर शेवटच्या मजकुरात सांगितलं गेलं की भ्रष्टाचारविरोधी पथक एसी-12 चे अधिकार इतके दुबळे कधीच नव्हते. माहितीचं खातं बंद झालं, न्यायाचं उघडंच राहिलं. भ्रष्टाचाराचं ते चित्र वास्तवाच्या जवळ जाणारं होतं आणि लेखकाला तेच म्हणायचं असावं. पण सहा सीझन प्रेक्षकाला दुसरंच वचन दिलं गेलं होतं.

‘सी.आय.डी.’ वीस वर्षं टिकली त्यातलं एक कारण इथेच आहे. धक्के बेताचे होते, पण न्यायाची वही दर भागाला बंद होत असे. अमेरिकी गुप्तहेरमालिका ‘कोलंबो’ने तर 1970 च्या दशकात खुनी पहिल्या काही मिनिटांतच दाखवून टाकला. ‘कोण’ या प्रश्नाचा साठा शून्य करून त्यांनी ‘कसा पकडणार’ या प्रश्नाचा साठा उघडला.

शरीराचाही एक भाग यात आहे. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की उत्तेजना मनाइतक्या वेगाने बदलत नाही. भीती संपली हे मेंदूला क्षणात कळतं, पण वाढलेली नाडी आणि रक्तदाब उतरायला काही मिनिटं लागतात, आणि उरलेली ती धडधड पुढच्या भावनेला जोडली जाऊन तिला गडद करते. त्यासाठी उलगड्यानंतर पडद्यावर काहीतरी घडत राहायला हवं. ‘ब्रॉडचर्च’ने खुनी शेवटच्या भागाच्या पूर्वार्धातच उघड केला आणि उरलेला वेळ गावाच्या, मृत मुलाच्या आणि खुन्याच्या घरांच्या दुःखाला दिला. नाव कळताच नामावली सुरू करणाऱ्या मालिका ही धडधड वाया घालवतात.

या विषयावर लिहिताना दोन मंत्र हमखास जपले जातात. पहिला डोपामिनचा, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या एका रसायनाचा. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग भक्कम आहेत: अपेक्षित रस ठरल्या क्षणी आला नाही की डोपामिन पेशींचे स्पंद नेहमीपेक्षा कमी होतात. पण ती नोंद पेशींची, सेकंदाच्या अंशाची आहे. तिच्यावरून दहा आठवड्यांच्या मालिकेचा हिरमोड समजावणं आणि वर ‘डोपामिन डिटॉक्स’ विकणं म्हणजे पांढऱ्या कोटातला गंडादोरा. दुसरा मंत्र ‘शेवट गोड तर सगळं गोड’. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या प्रयोगात 32 जणांनी एकदा 14 अंशांच्या पाण्यात 60 सेकंद हात धरला, आणि दुसऱ्यांदा तेच करून वर 30 सेकंद, पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेत. पुन्हा करायची वेळ आली तेव्हा 69 टक्के लोकांनी लांबलेला प्रकार निवडला. प्रयोग छान आहे, पण थंड पाण्याला कथानक नसतं. शेवटच्या 30 सेकंदांमुळे आधीच्या 60 चा अर्थ बदलत नाही. रहस्यकथेत नेमकं तेच होतं: शेवट कळला की तिसऱ्या भागातलं एक साधं वाक्य वेगळंच ऐकू येतं.

स्वतःचा संशय तपासायची एक रीत आहे. नेड ऑगेनब्लिक आणि मॅथ्यू रॅबिन यांनी 2021 साली मांडलेल्या कसोटीचं हे घरगुती रूप. कागदावर पाच संशयितांचे पाच रकाने आणि सहावा ‘इतर’चा. सहावा विसरू नये, कारण खुनी बऱ्याचदा तिथूनच निघतो. मालिका सुरू होताना प्रत्येकी 18 टक्के, ‘इतर’ला 10. एकातून प्रत्येक शक्यतेचा वर्ग वजा केला की सुरुवातीचा साठा मिळतो: 0.83. प्रत्येक भाग संपल्यावर, कोणाशी बोलायच्या आधी, नवे आकडे लिहायचे, बेरीज 100 ठेवायची, उलगडा होईपर्यंत कोणालाही पूर्ण शून्य द्यायचं नाही. पहिल्या भागानंतर एक जण 18 वरून 38 वर गेला आणि बाकीचे चौघे 13 वर आले, तर बदलांच्या वर्गांची बेरीज 0.04 अधिक चार वेळा 0.0025, म्हणजे 0.05. अशी उलगड्यापर्यंतची बेरीज करायची. एका मालिकेवरून काही ठरत नाही. दहा-बारा मालिकांची सरासरी 0.83 च्या बरीच वर गेली, तर प्रत्येक फसव्या धाग्यामागे धावण्याची खोड आहे. बरीच खाली राहिली, तर पहिल्या भागातलं मत सोडवत नाही. फोनवर पाहत असाल तर तळाची उरलेल्या वेळेची पट्टी झाकून ठेवा, नाहीतर नोंदवलेले आकडे पुराव्याचे नसतील, घड्याळाचे असतील.