कथनरचना आणि लिंगभाव (माध्यम अभ्यास)

गोष्ट कोण सांगते, ती कोणाच्या डोळ्यांनी दिसते, गोष्टीत काही घडवून आणणारा कोण आणि जिच्या बाबतीत सारे घडते ती कोण, या प्रश्नांच्या आधारे चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, जाहिराती व वृत्तपत्रे यांतील स्त्रीत्व-पुरुषत्वाच्या कल्पना तपासणारी माध्यम अभ्यासाची एक शाखा. कथनमीमांसा (गोष्ट कशी रचली व सांगितली जाते याचा अभ्यास) आणि स्त्रीवादी समीक्षा या दोन स्वतंत्र परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र आल्या, त्यातून ती आकाराला आली.

स्त्रियांच्या माध्यमांतील चित्रणाचा अभ्यास प्रथम मोजणीने सुरू झाला. पडद्यावर स्त्रिया किती, त्यांतल्या नोकरी करणाऱ्या किती, बोलणाऱ्या किती, याच्या नोंदी होऊ लागल्या. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ गे टकमन यांनी 1978 मध्ये, माध्यम-अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांच्याकडून घेतलेली ‘प्रतीकात्मक उच्छेद’ ही संज्ञा स्त्रियांच्या संदर्भात वापरली. माध्यमे स्त्रियांना वगळतात, क्षुल्लक ठरवतात किंवा दोषी ठरवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. चित्रकथाकार ॲलिसन बेक्डेल यांच्या 1985 मधील एका चित्रपट्टीतून पुढे आलेली कसोटी याच वळणाची आहे: चित्रपटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाविषयी बोलाव्यात. कसोटी मजेदार आहे आणि तिला नापास होणाऱ्या चित्रपटांची संख्या पाहता उपयुक्तही आहे, परंतु कथेच्या घडणीविषयी ती काहीच सांगत नाही. दहा स्त्रिया असलेल्या चित्रपटातही कथा एका पुरुषाचीच असू शकते.

घडणीचा विचार रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांच्यापासून सुरू करावा लागतो. 1928 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी रशियन लोककथांचे संग्राहक अफानास्येव यांच्या संग्रहातील सुमारे 100 अद्‌भुतकथा तपासल्या, त्यांत ठरावीक क्रमाने येणारी 31 प्रकार्ये (कथेला पुढे नेणाऱ्या कृती) शोधली आणि पात्रांची सात कार्यक्षेत्रे सांगितली. खलपुरुष, दाता, साहाय्यक, राजकन्या व तिचा पिता, नायकाला मोहिमेवर धाडणारा, नायक आणि तोतया नायक अशी ही क्षेत्रे आहेत. यांपैकी चौथे क्षेत्र स्त्रीवादी समीक्षकांना विशेष बोलके वाटले, कारण त्यात राजकन्या आणि तिचा बाप मिळून एकच घर व्यापतात. बाप लग्नासाठी अट घालतो, मुलगी बक्षीस ठरते, आणि शेवटच्या प्रकार्यात विवाह व राज्यप्राप्ती यांचा उल्लेख जोडीनेच येतो. तरीही प्रॉप यांच्यावर पुरुषकेंद्री असल्याचा आरोप सरसकट करता येत नाही. त्यांच्या मते पात्राची ओळख त्याच्या कृतीवरून ठरते. सावत्र आईने रानात धाडलेल्या मुलीच्या कथाही त्यांनी तपासलेल्या कथांत आहेत, आणि तेथे परीक्षेला उतरणारी ती मुलगीच कथेच्या केंद्रस्थानी असते. म्हणजे चौकट तत्त्वतः रिकामी आहे. तिच्या कोणत्या खणात कोणाला बसवायचे, हे कथा सांगणारा समाज ठरवतो.

चौकट खरोखर इतकी निरागस आहे का, हा प्रश्न स्त्रीवादी चित्रपट-अभ्यासक तेरेसा दे लॉरेटिस यांनी 1984 मध्ये उपस्थित केला. सीमा ओलांडणारे चल पात्र आणि त्याच्या वाटेवरचा अचल अवकाश यांच्या संयोगातून कथानक जन्मते, असे चिन्हमीमांसक युरी लोत्मन यांनी दाखवले होते. गुहा, घर, थडगे, गर्भाशय ही त्या अवकाशाची उदाहरणे होत. दे लॉरेटिस यांनी याचा अर्थ असा लावला की, सीमा ओलांडणारा तो नायक घडतानाच पुरुष म्हणून घडतो आणि अडथळा किंवा मुक्काम ही स्त्रीची जागा ठरते. ग्रीक पुराणातील ईडिपसच्या कथेत वाट अडवणारी स्फिंक्स ही राक्षसी कोडे घालते, तो ते सोडवतो आणि पुढे जातो. पुढे स्फिंक्सला काय वाटले, हे कोणी विचारत नाही. ती दुसऱ्याच्या गोष्टीतला एक मैलाचा दगड होऊन उरते.

या चर्चेतील सर्वांत परिचित निबंध ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांचा आहे. ‘स्क्रीन’ या ब्रिटिश नियतकालिकात 1975 मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि ‘पुरुषी नजर’ ही संकल्पना त्यातून रूढ झाली. आज ही संज्ञा कॅमेरा स्त्रीदेहावरून फिरतो एवढ्याच अर्थाने वापरली जाते. निबंधातील कथनविषयक भाग मात्र बहुधा निसटतो. मल्व्ही यांच्या मते हॉलीवूडच्या अभिजात चित्रपटात कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची अशा तीन नजरा असतात, आणि पहिल्या दोन तिसरीत विरघळवल्या जातात. पुरुष पात्र पाहते, कृती करते व कथा पुढे नेते. स्त्रीची प्रतिमा दिसते आणि ती दिसत असताना कथा थबकते. कथानकाशी काडीचा संबंध नसलेले, कापून टाकले तरी काही न बिघडणारे ‘आयटम साँग’ पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. थांबलेली कथा पुन्हा चालू करण्यासाठी त्या स्त्रीचा एक तर छडा लावून तिला शिक्षा द्यावी किंवा क्षमा करावी लागते, नाहीतर तिला पूजेची वस्तू बनवावे लागते, असे मल्व्ही यांनी हिचकॉक आणि स्टर्नबर्ग यांच्या चित्रपटांच्या आधारे दाखवले.

मग स्त्रीप्रेक्षकाचे काय, या आक्षेपाला मल्व्ही यांनी स्वतःच 1981 मध्ये उत्तर दिले: ती पुरुष नायकाशी समरस होते, पण उसने कपडे घातल्यासारखी अस्वस्थ राहते. कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांचा 1992 मधील आक्षेप अधिक मूलगामी होता. पडद्यावरची ती ‘स्त्री’ गोरी आहे, आणि कृष्णवर्णीय स्त्रिया तिच्याकडे किंवा तिच्याकडे पाहणाऱ्याकडे विरोधी नजरेनेही पाहत आल्या आहेत.

कोण बोलते आणि कोण पाहते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असा भेद फ्रेंच कथनमीमांसक जेरार झनेत यांनी 1972 मध्ये केला होता. अमेरिकी समीक्षक सुझन लॅन्सर यांनी 1986 मध्ये अशा भेदांत लिंगभावाचा विचार आणून स्त्रीवादी कथनमीमांसेची मांडणी केली. दूरचित्रवाणी मालिकांबाबत स्त्रीवादी समीक्षक टानिया मॉडलेस्की यांचे विवेचन मात्र अधिक रोचक आहे. दैनंदिन मालिकेला शेवट नसतो, नायक एक नसतो आणि प्रेक्षक सगळ्यांचे दुःख समजून घेणाऱ्या आईच्या जागी बसवला जातो. अशा कथेत सोशिक सून काहीच करीत नाही. जे काही घडते ते कारस्थानी बाईमुळे घडते. मराठी मालिकांतील खलनायिकेला प्रेक्षक दूषणे देतात आणि रोज तिचीच वाट पाहतात, यामागे हेही एक कारण असावे.

मराठी चित्रपटांना ही परिभाषा लावली असता काही वेगळे हाती लागते. प्रभात कंपनीच्या ‘कुंकू’मध्ये (1937) अद्‌भुतकथेच्या शेवटी येणारे लग्न सुरुवातीलाच उरकते आणि तेही फसवणुकीने. वृद्ध काकासाहेबांच्या गळ्यात बांधलेली नीरा तो संबंध नाकारते, आणि हा नकार हीच कथेला चालना देणारी कृती ठरते. शेवट मात्र तिच्या हातात राहत नाही. काकासाहेबांच्या आत्महत्येने तो होतो. नकार तिचा, निकाल त्यांचा. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’चे (1982) नावच लोत्मन यांच्या सीमेचे आहे. घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक होणारी सुलभा नायकाची चल जागा घेते, परंतु ती परतते तेव्हा तिच्यासाठी बक्षीस ठेवलेले नसते. घरातील तिची जागा भरून गेलेली असते आणि तिला दुसऱ्यांदा बाहेर पडावे लागते. पुरुषाच्या प्रवासाचा साचा स्त्रीला चढवला की परतीचा भाग उसवतो, हे येथे दिसते.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (2016) नजरेची दिशाच उलटते. वर्गात आर्ची परशाकडे रोखून पाहते आणि तो ओशाळतो. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारीही तीच. पण तिच्या या मोकळेपणाला पाटलाच्या घरातील जन्माचा आधार आहे, आणि परशा मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला आहे, म्हणून येथे कथेची सीमा जातीची आहे. जात वगळून लिंगभाव वाचता येत नाही, हा समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांच्या लेखनातील आग्रह पाश्चात्त्य कथनमीमांसेला भारतात जोडावी लागणारी मुख्य पुरवणी होय. राजकन्येच्या घरात बाप आणि मुलगी एकत्र का असतात, हे ‘सैराट’च्या शेवटी कळते: तिच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आणि त्यानंतरचे दृश्य आवाज काढून घेऊन, रक्तात पाय भरलेल्या लहान मुलाच्या उंचीवरून दाखवले जाते.