तिसऱ्या दिवसाची रेघ: इंग्लंडमधल्या रक्तसंसर्गाच्या नोंदींमागची गोष्ट

इंग्लंडमधल्या प्रयोगशाळा रक्तसंसर्गाची माहिती पूर्वीपासून कळवत असत, पण आपखुशीने. त्या अपुऱ्या नोंदींतही धोका दिसत होता. रक्तात सापडलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमध्ये एमआरएसएचा, म्हणजे त्याच्या मेथिसिलिनसारख्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या प्रकाराचा, वाटा 1990 च्या सुमारास जेमतेम 2 टक्के होता. दशक सरता सरता तो 40 टक्क्यांच्या आसपास गेला. एप्रिल 2001 पासून सरकारी रुग्णालयांना हे आकडे कळवणे सक्तीचे झाले. 2003-04 मध्ये सुमारे 7,700 रुग्ण नोंदले गेले आणि 2008 पर्यंत हा आकडा निम्मा करायचे ठरले.

मग प्रश्न आला, रुग्ण धरायचा कोणाच्या खात्यात? आधी नुसती तिमाही बेरीज पाठवत. ऑक्टोबर 2005 पासून दर रुग्णाची वेगळी नोंद होऊ लागली. दाखल झाल्याची आणि ब्लड कल्चर (जंतू वाढतात का ते पाहण्यासाठी रक्ताचा नमुना) घेतल्याची तारीख त्यात आली. दाखल झाल्याचा दिवस पहिला धरायचा; तिसऱ्या दिवशी किंवा नंतर नमुना घेतला असेल, तर संसर्ग रुग्णालयाचा.

नियम सोपा, सगळीकडे सारखा लावता येणारा, म्हणून टिकला. मला मात्र तो कायम अपुरा वाटला आहे. समजा, सलाइनच्या सुईची जागा लाल झालेली असताना रुग्ण घरी गेला. आठवड्याने थंडी वाजून ताप भरला, तो परत आला, अपघात विभागातच कल्चरच्या बाटल्या भरल्या. नोंद झाली ‘बाहेरचा’ म्हणून. उलट घरूनच ताप घेऊन आलेल्याचे कल्चर चौथ्या दिवशी घेतले, तर ठपका वॉर्डावर. नियम बाटलीवरची तारीख बघतो. जंतू रक्तात कधी शिरला ते त्याला दिसत नाही. पुढे, आधीच्या 28 दिवसांत त्याच रुग्णालयातून घरी गेलेल्यांसाठी वेगळा गट आला. तो फार आधी यायला हवा होता.

एमआरएसए खरोखर निम्म्याखाली आला. जून 2011 पासून ई. कोलाय, एप्रिल 2017 पासून क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास हे जंतूही सक्तीच्या यादीत आले. ई. कोलायचे रुग्ण 2012-13 मधल्या सुमारे 32 हजारांवरून 2018-19 मध्ये 43 हजारांवर गेले. यातले बहुतेक घरीच सुरू होतात, पुष्कळदा लघवीच्या संसर्गातून, त्यामुळे वॉर्डातल्या हात धुण्याने ते आटोक्यात येत नाहीत. 2020-21 मध्ये हा आकडा खाली आला, पण कोविडमुळे त्या वर्षी इतर आजारांचे रुग्ण दाखलच कमी झाले होते. आलेख वाचताना ते वर्ष वेगळे ठेवावे.