मलिदा : कोकणातून इस्राएलला गेलेले ताट

अश्दोद, लोद, बीरशेबा, दिमोना. इस्राएलमधल्या या शहरांत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून गेलेल्या ज्यू कुटुंबात लग्न ठरले, नवे घर झाले किंवा नवस फळाला आला, की मलिद्याचे, म्हणजे गोड पोह्यांचे आणि फळांचे, ताट मांडतात. जगातल्या इतर ज्यूंकडे ही प्रथा नाही. ती अलिबाग, पेण, रोह्याकडची आहे.

नौगावजवळ जहाज फुटले आणि वाचलेल्यांपासून हा समाज वाढला, असे परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवायचा आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तो बंद ठेवायचा. म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. त्यांच्याकडे ना धर्मग्रंथ होते, ना धर्मगुरू. खवल्यांचेच मासे खाणे, सुंता आणि 'शेमा' ही एक प्रार्थना एवढे मात्र टिकले. सणांना मराठी नावे पडली : नव्याचा सण, खिरीचा सण, वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा सण. मुंबईत पहिले प्रार्थनागृह सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये बांधले. त्यालाही लोक मशीदच म्हणत.

मशिदीच्या आधीपासून घराघरात होता तो एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तो प्रकटला आणि त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली, ही श्रद्धा आजही आहे. नवस त्याला बोलायचा आणि मलिद्याने फेडायचा.

अर्धा किलो जाड पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवतात. पाण्यात भिजत घातले तर लगदा होतो. एका नारळाचा चव, दोनेक वाट्या साखर किंवा चिरलेला गूळ, वेलची, बदाम, पिस्ते. गोड आणि खोबरे आयत्या वेळी कालवावे, नाहीतर पाणी सुटून पोहे बसतात. परदेशात पाकिटातला सुका कीस वापरला की मलिदा कोरडा लागतो; त्यावर थोडे नारळाचे दूध शिंपडावे. गाईचे दूध नको : जेवणात मटण असते, आणि मांसाबरोबर दूध वर्ज्य. भोवती बहुधा पाच फळे, मधोमध गुलाब. फळे निवडताना घाई करू नये. खजूर झाडाचे फळ. केळे मात्र ज्यू धर्मशास्त्रात जमिनीचे मानतात. खाण्याआधी म्हणायची दोघांची आशीर्वचने वेगळी, गुलाबाच्या सुवासाचे तिसरे. नुसती सफरचंदे आणि द्राक्षे मांडली, तर जमिनीच्या फळाचे आशीर्वचन म्हणणार कशावर?

1948 नंतर हजारो जण इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने आदेश काढला : बेने इस्राएल वधू-वरांच्या पूर्वजांची, विशेषतः आईकडची, चौकशी करूनच लग्न लावावे. शेकडो वर्षे शनिवार पाळलेल्या समाजाचा हा अपमान होता. लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले. ऑगस्ट 1964 मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले, आणि आदेशातून समाजाचे नाव गेले.

या झगड्याने मलिद्याचा अर्थ पालटला, असे आम्हाला वाटते. कोकणात तो नवस होता. इस्राएलमध्ये तो 'आम्ही ज्यू आहोत, आणि कोकणातून आलो आहोत' हे एका ताटात सांगतो. दिवेकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे काहींनी हिब्रू करून घेतली, नातवंडांची मराठी 'आजी' आणि 'पोहे' एवढ्यावर आली. पण हळदीच्या आधी, मेंदीच्या रात्री, 'एलियाहू हन्नाबी' हे गीत म्हणताना ताटाभोवती सगळे घर जमते.