से कॅथेड्रल की बॉम जेझुस?

जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका अंगाला पांढरं चर्च, दुसऱ्या अंगाला तांबडं. पांढरं ते से कॅथेड्रल, तांबडं ते बॉम जेझुस बॅसिलिका. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे ते तांबड्यात. तरीही पांढऱ्याच्या फोटोखाली ‘इथे सेंट झेवियरचं शव आहे’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं.

गल्लत मुळात शब्दांतून सुरू होते. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं, म्हणजे त्या प्रदेशातल्या चर्चच्या प्रमुखाचं, आसन जिथे आहे ते चर्च. ‘से’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थही आसनच. बॅसिलिका हा पोपने दिलेला मान आहे, त्याचा बिशपशी किंवा आकाराशी संबंध नाही. रोममधलं सेंट पीटर्स ही बॅसिलिका आहे, पण रोमचं कॅथेड्रल सेंट जॉन लॅटरन. वांद्र्याचं माउंट मेरीही बॅसिलिकाच, मुंबईच्या आर्चबिशपचं कॅथेड्रल मात्र कुलाब्याचं होली नेम. गोव्यात तर कॅथेड्रल बॅसिलिकेहून कितीतरी मोठं आहे: से सुमारे 76 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद, तर बॉम जेझुसची लांबी जेमतेम 56 मीटर आणि रुंदी 17.

से कॅथेड्रल अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनला वाहिलेलं आहे. 25 नोव्हेंबर 1510 रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकला. आजची इमारत 1562 मध्ये सुरू झाली आणि 1619 मध्ये उभी राहिली. आतल्या वेद्यांचं काम त्यानंतरही चालू होतं. मुख्य वेदीवरच्या सोनेरी फलकांत कॅथरीनच्या जीवनाचे आणि हौतात्म्याचे प्रसंग कोरलेले आहेत. दर्शनी भागाला दोन मनोरे होते. एक 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. त्यामुळे समोरून पाहताना इमारत एका बाजूला अर्धवट वाटते. ओळखायची सर्वांत सोपी खूण हीच. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. नाव तिच्या आवाजावरून पडलं, धातूवरून नव्हे.

बॉम जेझुस जेझुइटांचं, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं. पायाभरणी 1594 मध्ये, अभिषेक 1605 मध्ये, म्हणजे बांधकाम सेच्या मानाने झटपट उरकलं. दर्शनी भागाला मनोरे नाहीत. वरच्या बाजूला जेझुइटांचं ‘आयएचएस’ हे येशूच्या नावाच्या अक्षरांचं चिन्ह आहे. कोरीवकामाचा काळा बेसाल्ट वसईहून आणलेला. आत एकच प्रशस्त दालन. सेमध्ये मात्र खांबांच्या रांगांनी मध्यदालन आणि बाजूच्या दोन पाख्या वेगळ्या केल्या आहेत. धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनजवळच्या शांगचुआन बेटावर वारला आणि 1554 मध्ये त्याचं शव गोव्यात आलं. ते जिच्यात ठेवलं आहे ती चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी 1636–37 मध्ये घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूक कोसिमो तिसऱ्याची भेट. शिल्पकार फॉजिनीच्या कार्यशाळेतून फ्लॉरेन्सहून आलेले त्याचे भाग 1698 मध्ये इथे जोडले गेले. बॅसिलिकेचा मान मात्र अगदी अलीकडचा, 1946 चा.

आता रंगाचं. दोन्ही चर्च जांभ्याचीच आहेत. जांभा मऊ आणि सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि पृष्ठभाग झिजतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा लागतो. सेवर तो आहे. बॉम जेझुसवरही होता, पण 1950 च्या दशकात काढून टाकला. दगड उघडा पडला, आणि आज ज्याला लोक ‘मूळ प्राचीन रूप’ म्हणतात ते खरं तर 70-75 वर्षांचं आहे! दर पावसाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून पुन्हा गिलावा द्यावा की नाही यावर वाद चालतो. देखणं दिसण्यापायी दगड झिजू देण्यात शहाणपण नाही, असं आमचं मत.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट: दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवदर्शनाच्या वेळी ‘गोंयच्या सायबा’चं, म्हणजे झेवियरचं, शव बॉम जेझुसमधून मिरवणुकीने सेमध्ये नेतात. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात दर्शनाची रांग सेमध्येच होती. तेव्हा ज्यांनी पांढऱ्या चर्चमध्ये दर्शन घेतलं, त्यांची आठवण बरोबर आहे. एरवी जाणार असाल तर तांबड्या चर्चमध्ये जा.