अँटी टीपीओ वाढलं म्हणजे थायरॉईड बिघडलं का?

आजकाल लातूर, नांदेड, परभणी कुठंबी जा, लॅबवाल्यांचं फुल बॉडी पॅकेज निघालेलं असतं आणि त्यात थायरॉईड प्रोफाईलसोबत अँटी टीपीओ पण घालून देतात. मग संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते, त्यात टीएसएच अडीच, टी3 टी4 एकदम नॉर्मल, आणि खाली अँटी टीपीओ सहाशेच्या वर, ठळक अक्षरात, बाजूला H. घरात रडारड सुरू. आमच्या एका वहिनीचं अगदी असंच झालं, डॉक्टरांनी सांगितलं गोळी नको, वर्षानं टीएसएच करू, तर वहिनी मला म्हणे, "भाऊजी, नॉर्मल साठच्या आत पाहिजे अन् माझं सहाशे आलंय, दहापट! अन् डॉक्टर म्हणायलेत काही नाही, असं कसं?"

तर असं, की हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. टीएसएच मेंदूच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. थायरॉईड कमी हार्मोन बनवायला लागली की पिट्युटरी टीएसएच वाढवते, जास्त बनवायला लागली की कमी करते, म्हणजे ग्रंथी आज काम किती करायलीय ते टीएसएचवरून कळतं. टीपीओ हे ग्रंथीच्या पेशींमधलं एक एन्झाईम आहे, आयोडीन जोडून हार्मोन तयार करायचं काम त्याचं. काही लोकांची इम्युनिटी आपल्याच थायरॉईडला परकं समजते, टी पेशी (इम्युनिटीच्याच लढणाऱ्या पेशी) ग्रंथीत घुसून तिथल्या पेशी मारतात, आणि या सगळ्या भानगडीत टीपीओविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. गारपीट झाल्यावर तलाठी येऊन पंचनामा करतो ना, तसं समजा: शेतात काहीतरी झालंय एवढं त्या कागदावरून नक्की कळतं, पण पीक काही पंचनाम्यानं आडवं पडलेलं नसतं, आणि यंदा किती क्विंटल होईल तेही त्यात लिहिलेलं नसतं.

लॅबमधल्या प्रयोगात या अँटिबॉडी पेशी मारायला मदत करताना दिसल्यात, त्यामुळं त्या अगदीच निष्पाप आहेत असं मी म्हणणार नाही. पण मुख्य काम टी पेशींचं, याचा एक सोपा पुरावा आहे. आईच्या अँटी टीपीओ वारेतून बाळापर्यंत जातात, भरपूर जातात, तरी बहुतेक बाळांची थायरॉईड ठणठणीत असते. नुसत्या अँटिबॉडीनं ग्रंथी बंद पडत असती तर असं झालं नसतं.

थायरॉईडवर असा हल्ला होतो तो आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी, 1912 साली, चार बायकांच्या थायरॉईडच्या गाठी मायक्रोस्कोपखाली बघून. पण त्यामागं स्वतःचीच इम्युनिटी आहे हे कळायला 1956 उजाडलं, लंडनमधे रॉइट, डोनियाक आणि कॅम्पबेल यांना या पेशंटच्या रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या.

आता मुद्द्याचं, पुढं काय होणार? यावर इंग्लंडमधल्या व्हिकहॅमचा अभ्यास बघण्यासारखा आहे. 1972 ते 74 मधे 2779 लोकांना तपासलं आणि वीस वर्षांनी त्याच लोकांना परत गाठलं (हे मला भारी वाटतं, आपल्याकडं वीस वर्षांनी कुणाचा फोन नंबर तरी तोच राहतो का). ज्या बायकांची फक्त अँटिबॉडी पॉझिटिव्ह होती त्यांच्यात वर्षाला साधारण 2.1 टक्के जणींना हायपोथायरॉईड (म्हणजे ग्रंथी हार्मोन कमी बनवायला लागणं) झालं, आणि अँटिबॉडीसोबत टीएसएचपण वाढलेलं होतं त्यांच्यात 4.3 टक्के. म्हणजे टीएसएच नॉर्मल असलेल्या शंभर वहिनी घेतल्या तर दहा वर्षांनीही ऐंशीच्या आसपास जणी बिनगोळीच्या असणार. धोका आहे, नाही असं नाही, म्हणून वर्षाला टीएसएच करायचं. पण दर दोन महिन्याला अँटी टीपीओ करून सहाशेचं साडेपाचशे झालं का बघत बसणं म्हणजे लॅबवाल्याची दिवाळी, दुसरं काही नाही. अँटिबॉडी कमी करतो म्हणून पावडरी विकणारेही बरेच निघालेत. सेलेनियमनं काही अभ्यासांत हा आकडा खाली आला हे खरंय, पण त्यानं ग्रंथी वाचते किंवा पुढची गोळी टळते असं काही सिद्ध झालेलं नाही. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या जास्त पॉवरच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी दोनतीन दिवस बंद ठेवा, काही मशीनवर त्यानं थायरॉईडचे आकडे खोटे येतात.

बाळाचा विचार असेल तर मात्र अँटी टीपीओ पॉझिटिव्ह असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगायचं. गरोदरपणात ग्रंथीवर लोड वाढतो आणि आधीच मार खाल्लेली ग्रंथी तिथं कमी पडू शकते, म्हणून पहिल्या अर्ध्या काळात दर चार आठवड्याला टीएसएच बघतात. बाळंतपणानंतरच्या वर्षातही अशा बायकांची थायरॉईड वरखाली व्हायची शक्यता जास्त. पण टीएसएच नॉर्मल असताना नुसत्या अँटिबॉडीसाठी गोळी दिल्यानं फायदा होतो का, हे ब्रिटनमधल्या टॅब्लेट नावाच्या ट्रायलमधे (निकाल 2019 ला आला) 900 पेक्षा जास्त बायकांवर तपासलं, आणि जिवंत बाळ होण्याच्या प्रमाणात काही फरक पडला नाही.

एक अँटिबॉडी मात्र खरंच हात चालवते, टीआरएबी. ही ग्रेव्ह्ज नावाच्या आजारात असते, थायरॉईडच्या पेशीवर टीएसएचची जी जागा आहे तिथंच जाऊन बसते आणि ग्रंथीला पळवत ठेवते: धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, टीएसएच पार तळाला. इथं अँटिबॉडीचा आकडा कामाचा असतो, औषध थांबवायचं का नाही ते ठरवताना डॉक्टर तो बघतात. ग्रेव्ह्जसाठी ऑपरेशन करून ग्रंथी काढलेली बाई गोळी घेऊन एकदम नॉर्मल टीएसएचवर असते, तरी तिच्या रक्तात टीआरएबी शिल्लक असू शकते, आणि ती वारेतून बाळाकडं गेली तर बाळाची थायरॉईड पळायला लागते. म्हणून दहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं असलं तरी गरोदरपणातल्या पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना ते सांगायचं आणि टीआरएबी करून घ्यायची.