फ्लश टाकीचा वायसर बदलणे

कमोडच्या मागच्या टाकीत तळाला जो व्हॉल्व्ह असतो, त्याच्याखाली रबराची नाहीतर सिलिकॉनची एक चकती, म्हणजेच वायसर, बसवलेली असते. ती झिजली की फ्लश न करताही टाकीतलं पाणी भांड्यात पाझरत राहतं. ती काढून नवी घालणं, एवढंच हे काम. गळती बहुतेक वेळा ऐकू येत नाही, भांड्याच्या मागच्या भिंतीवर एक पातळ ओली रेघ दिसते आणि रात्री कधीतरी कोणी हात न लावता टाकी भरायला लागते. मिनिटाला 20 मिलीलिटर जरी गेलं तरी दिवसाला जवळपास 29 लिटर होतात, म्हणजे जिथे उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो तिथे हे दुर्लक्ष करण्यासारखं अजिबात नाही.

या चकतीचा इतिहास मात्र सरळ नाही. फ्लशच्या संडासाचं पहिलं नीट वर्णन 1596 चं, जॉन हॅरिंग्टन या इंग्रज दरबाऱ्याचं, पण त्यानंतर पावणेदोनशे वर्षं ते फारसं कुणी पुढे नेलं नाही. 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंगने पेटंट घेतलं, त्यात वास अडवणारा वाकडा पाइप होता आणि भांड्याखाली सरकणारी झडप होती. 1778 मध्ये जोसेफ ब्रामाने सरकत्या झडपेच्या जागी बिजागरीवर उघडणारी आणली. काही लेखक आजच्या वायसरचं मूळ थेट ब्रामाकडे नेतात, पण त्याची मुख्य झडप भांड्याच्या तळाशी होती, टाकीच्या नाही, त्यामुळे हे नातं जरा ताणलेलंच वाटतं.

रबराचा वाद याहून मोठा. कच्चं रबर थंडीत कडक होतं, उन्हात चिकट होतं, म्हणून टिकाऊ रबर येण्याआधी पाणी अडवायला चामड्याच्या चकत्या वापरत. गंधक घालून रबर तापवलं तर ते टिकतं हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला साधारण 1839 च्या सुमारास सापडलं, पण त्याचं अमेरिकन पेटंट 1844 चं, आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने 1843 च्या शेवटीच अर्ज टाकलेला होता. हॅनकॉकने गुडइयरकडचे नमुने आधी पाहिले होते. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1855 मध्ये ब्रिटिश कोर्टाने हॅनकॉकच्या बाजूने निकाल दिला. तरी शोध गुडइयरचा आणि ब्रिटनमधला हक्क हॅनकॉकचा, असं म्हणणं जास्त पटतं. मेक्सिकोच्या बाजूला तर इसवी सनापूर्वी 1600 च्या आसपास वेलीचा रस घालून रबर मजबूत करत असं आता मानलं जातं, त्यामुळे ‘पहिला कोण’ हे इथे जपूनच लिहायला हवं. थॉमस क्रॅपर या लंडनच्या प्लंबरने फ्लशचा संडास शोधला हे मात्र चूक आहे. त्याच्या नावावर खपवलं जाणारं 1898 चं सायफनचं पेटंट अल्बर्ट गिब्लिनचं होतं, क्रॅपरच्या दुकानातून तो माल विकला जायचा.

सायफनचा मुद्दा वायसरशी थेट जोडलेला आहे. सायफनमध्ये पाण्याला एका उंच वळणावरून चढून जावं लागतं, तळाला पाणी अडवणारी झडपच नसते, म्हणून तिथून गळती होत नाही. ब्रिटनमध्ये पाणी वाया जाऊ नये म्हणून बराच काळ सायफनचाच आग्रह होता, व्हॉल्व्हवाल्या टाक्यांना 2001 पासून मोकळीक मिळाली. आपल्याकडच्या जुन्या इमारतींतली उंचावरची साखळीची लोखंडी टाकी याच सायफनच्या घराण्यातली. तिची तक्रार वेगळी असायची, साखळी दोनदा-तीनदा ओढावी लागायची. प्लॅस्टिकच्या आणि दोन बटणांच्या टाक्या आल्या (दोन बटणांची पद्धत 1980 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रूस थॉम्पसनने रूढ केली) तेव्हा जोर चांगला मिळायला लागला, पण सगळी भिस्त त्या एका चकतीवर आली.

दुरुस्तीआधी गळती नक्की कुठली ते बघायचं. टाकीत थोडा खायचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करायचं नाही, भांड्यात रंग उतरला तर व्हॉल्व्ह गळतोय. पण पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी वाहून नेणाऱ्या, नळीच्या तोंडापर्यंत चढून तिथून जात असेल तर दोष बॉलकॉकचा (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या नळाचा), मग चकती बदलून काहीच होणार नाही. बरेच जण इथेच फसतात आणि अख्खा सेट बदलून घेतात, आणि ते खरंच गरजेचं नसतं.

अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करायचा, फ्लश करून टाकी रिकामी करायची, बटण आणि झाकण काढायचं. बऱ्याच टाक्यांत मधला व्हॉल्व्ह हाताने थोडा डावीकडे फिरवला की सुटून वर येतो. त्याच्या बुडाशी चकती असते. जुनी असेल तर बोटाला काळं लागतं आणि कडेला एक गोल खाच पडलेली दिसते, जिथे ती वर्षानुवर्षं दाबली गेली. कधी चकती चांगली असते आणि तिच्याखालच्या बैठकीवर क्षाराचा खरखरीत पांढरा थर असतो, बोअरचं पाणी असेल तर हे हमखास. तो व्हिनेगर लावून मऊ कापडाने काढायचा, सुरीने खरवडायचा नाही, ओरखडा पडला की नवी चकतीही गळते. जुनी चकती घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जावं, कारण मापं कंपनीगणिक वेगळी. व्हॅसलीन लावू नये, त्याने रबर फुगतं. टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाकायची सवय असेल तर ती सोडावी, रबर लवकर खराब होण्याचं ते मोठं कारण आहे.

नवी चकती घालूनही पाझर राहिला तर बटणाखालच्या दांड्या बघाव्यात. त्या लांब राहिल्या तर व्हॉल्व्ह पूर्ण खाली बसतच नाही, स्क्रू फिरवून किंचित आखूड करायच्या.

भिंतीतल्या टाकीत हेच काम बटणाच्या पट्टीमागच्या चौकटीतून हात घालून करतात. पाणी भांड्यात न जाता फरशीवर येत असेल तर टाकी आणि कमोड यांच्यामधला जाड वायसर बदलावा लागतो, त्यासाठी टाकी उतरवायची आणि परत बसवताना दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, एकच बाजू जोरात आवळली तर चिनीमाती तडकते.